घरच्या गाडीचा मुआयना

या जगात जे जे म्हणून हलतं, फिरतं, लोंबतं किंवा कुरकुरतं, ते कुणीतरी दर काही दिवसांनी वाकून तपासायला पाहिजे, आणि ते कुणीच तपासत नाही म्हणूनच जगाची ही अवस्था झाली आहे, अशी पक्की समजूत असलेला एकच माणूस माझ्या वाट्याला आला. ते माझे मामेसासरे. म्हणजे बायकोचे मामा. त्यांच्या घरी कुणीही केव्हाही जावं, चहा मिळे, चुरमुऱ्यांचा सुशीला मिळे. पण ते तुमच्या घरी आले की आधी खुर्ची उलटी करून तिचे पाय हलवून बघत आणि मगच बसत. यजमानाला वाटे, ढेकूण शोधताहेत. देवळात गेले तर घंटा वाजवण्याआधी तिची साखळी दोनदा ओढून बघत, कारण घंटा देवाची असली तरी साखळी लोहाराची असते. एसटीत बसले तर प्रत्येक थांब्यावर उतरून मागच्या चाकांना एकेक लाथ मारून येत. एकदा येरमाळ्याला कंडक्टरनं कंटाळून घंटी मारली आणि गाडी मामांना खाली ठेवून निघून गेली. दुसरा कुणी असता तर ओरडत मागं धावला असता. मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर मामींना म्हणाले, “पाठीमागचं डावं चाक थोडं लचकतंय. पर पोचली असंल.” त्यांची पिशवी गाडीबरोबर गेली होती, तिच्याबद्दल चकार शब्द नाही.

माझी त्यांची पहिली भेट मी मुलगी बघायला धाराशिवला गेलो तेव्हा झाली. मी तहसील कचेरीत नक्कलकारकून होतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्याबद्दल सरकार मला पगार देत असे. बाकीची मंडळी रीतीप्रमाणे पगार, शेती आणि मामेकुळ विचारत होती. मामा कोपऱ्यात बसून माझ्या पायांकडे बघत होते. मुलगी पोहे ठेवून आत गेली तसे ते म्हणाले, “जरा दारापत्तुर चालून दाखवा.” मी चाललो. “आता बसा. उठा. गुडघा वाजला का?” मी म्हणालो, “नाही.” मामा म्हणाले, “वाजला. उजवा. पर चालंल.” मुलगी बघायला आलेल्या माणसाला असं चालवून पाहिल्याचं त्या घरात तरी पहिलंच उदाहरण असावं. लग्न झालं, त्यावरून मी पास झालो असं धरून चालतो. लेखी मला काही मिळालेलं नाही.

या सवयीचं मूळ निजामाच्या राज्यात होतं. तरुणपणी मामा बार्शीच्या वाटेवर करोडगिरीच्या नाक्यावर कारकून होते. करोडगिरी म्हणजे जकात. पलीकडे इंग्रजांचा मुलूख, अलीकडे निजामाचा, मधे एक आडवा बांबू आणि बांबूला टेकून मामा. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी थांबवायची, कडब्यात हात घालायचा, पोत्यात सळई खुपसायची, आणि पटलं की बांबू वर. तपासणीला ते शेवटपर्यंत उर्दूतला ‘मुआयना’ हाच शब्द वापरत. ‘तपासणी’ हा शब्द त्यांना पुरेसा खोल वाटत नसे. वीस वर्षं त्यांनी मुआयना केला. मग निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, लोकांना स्वातंत्र्य मिळालं आणि मामांना बदली मिळाली. पुढं नाके उठले, बांबू कुणीतरी गोठ्याला आडसर म्हणून नेला, आणि मामांना जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जुन्या कागदांजवळ नेऊन बसवलं. कागद बिचारे कुठून येत नाहीत, कुठं जात नाहीत. त्यांना अडवण्यात काय हशील? मामा वाळत गेले. शेवटी मुदतीआधी पेन्शन घेऊन ते घरी बसले. घरी बसले म्हणजे मोटार शोधायला लागले.

शोध मुरुमकडच्या एका जुन्या जमीनदार घराण्याच्या कोठ्यात संपला. गाडी कडब्याखाली होती. मागच्या बैठकीवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिचा उठण्याचा विचार दिसत नव्हता. गाडी विलायती, काळी, पायरीवाली. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या अवस्थेत कंपनीनंही तिला ओळख दाखवली नसती. मामांनी तिथं तीन दिवस मुक्काम केला. गाडीखाली पोतं अंथरून ते सकाळी आत शिरत आणि जेवायला बाहेर येत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोषांची यादी केली. ती दोन ताव भरली. जमीनदारांनी यादी वाचली आणि ओशाळून म्हणाले, “मग न्हाय घ्यायची म्हना की.” मामा म्हणाले, “घेतली. हिचं सगळं वाईट मला म्हाईत झालंय. दुसरी चांगली गाडी आणली तर तिचं मला काय म्हाईत?” लग्न जुळवणाऱ्यांनी हे वाक्य पाटीवर लिहून ठेवावं असं आहे.

आता मोटारींच्या कायद्याची गंमत अशी होती की, भाड्याच्या मोटारीला, म्हणजे टॅक्सीला, ट्रकला, वर्षातून एकदा सरकारी तपासणी लागे. गाडी फारच थकलेली असली तर सहा महिन्यांनी. याला सगळे ‘पासिंग’ म्हणत. घरच्या गाडीला मात्र काही नाही. तुमची स्वतःची गाडी, तुमची स्वतःची बायकापोरं, तुम्हाला आपटायची असतील तर सरकार मधे पडत नसे. मामांना हे कळलं तेव्हा त्यांचं अन्नावरचं मन उडालं. “टॅक्सी खड्ड्यात पडती आन् घरची गाडी काय फुलावर पडती व्हय?” असं ते मला विचारू लागले, जणू कायदा मीच उतरवून काढताना चुकवला होता. मग माझ्या सुवाच्य अक्षरात एक अर्ज गेला: सदर मोटारीची दरमहा तपासणी व्हावी. दोन महिन्यांनी उत्तर आलं: सदर मोटार खाजगी असल्याने तपासणीची आवश्यकता नाही. मामांनी ते तीनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, “जावईबापू, आवश्यकता न्हाय हे तपासल्याबिगर कसं कळालं त्यांना?”

मोटार इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा धाराशिवला येई. गावाबाहेरच्या मैदानात टेबल लागे आणि ट्रक-टॅक्सींची रांग उभी राही. त्या रांगेत एके सकाळी मामा आपली काळी गाडी घेऊन उभे राहिले. मला रजा टाकून बरोबर नेलं होतं, अर्ज लागला तर लिहायला. इन्स्पेक्टर पुण्याकडचा तरुण माणूस होता, पांढरी पँट, नवी नोकरी. “टॅक्सी का?” त्यानं विचारलं. “घरची हाय,” मामा म्हणाले. “मग घरी न्या.” “मुआयना करा, मग नेतो.” इन्स्पेक्टरनं रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “ठीक आहे.” मामा म्हणाले, “ठीक म्हंजे काय? तुमी खाली वाकलाच न्हाय.” मागचे ट्रकवाले हसले. इन्स्पेक्टरचे कान लाल झाले. त्यानं मामांनी अंथरलेल्या पोत्यावर आडवं होऊन गाडीखाली डोकं घातलं आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला. पँट पांढरी राहिली नव्हती. त्याच्याकडे खाजगी गाडीसाठी फॉर्म नव्हता, म्हणून मामांनी खिशातून एक शाळकरी वही काढली. तिच्यात त्यानं लिहिलं: ‘तपासली. तूर्त बरी.’ खाली दस्तखत. मामांचा चेहरा असा फुलला की, पेन्शनच्या कागदावरही तो तसा फुलला नव्हता.

पुढं दर महिन्याला हे चाललं. इन्स्पेक्टरनं सुटकेचे सगळे उपाय करून पाहिले. मैदानातल्या या तपासणी-शिबिराची तारीख बदलून पाहिली. पण तारखेची नोटीस धाराशिवच्या तहसील कचेरीत लागे, लग्नानंतर माझी बदली तिथंच झाली होती आणि मी घरचाच माणूस. “मामा, नियमाप्रमाणे भाड्याच्या गाडीलासुद्धा वर्षातून एकदाच लागते हो,” असं त्यानं काकुळतीनं सांगून पाहिलं. मामा म्हणाले, “वर्षात काय काय झिजतं साहेब, तुमी लहान हाव अजून.” आमच्या गावचे मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, तेही थकले होते. मामा दर आठवड्याला गाडी घेऊन त्यांच्या दारात. उस्ताद हात पुसत म्हणत, “मामा, गाडी को कुछ बी नै हुआ. तुमारे दिल कू खटका है, उसका स्पेअरपार्ट मेरे पास नै.”

इन्स्पेक्टरचं मामांबद्दलचं मत बदललं ते टायरांमुळे. पासिंगच्या दिवशी ट्रकांचे टायर फार सुंदर असत, आणि एरवी रस्त्यावर त्याच ट्रकांचे टायर चोखून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे निघालेले. यातलं रहस्य साहेबाला कळत नव्हतं. मामा झाडाखाली बसून बघत होते. दुपारी बारा वाजता ते उठले, रांगेतल्या पाचव्या ट्रकच्या मागच्या टायराला बोट लावून म्हणाले, “हा सकाळी पयल्या ट्रकला हुता. मग तिसऱ्याला. आता हितं आलाय. चांगला टायर हाय, पर दमला असंल.” झालं असं होतं की, गावात चांगले टायर चार आणि ट्रक पुष्कळ; म्हणून एकेका गाडीचं पासिंग झालं की टायर मैदानामागं काढून पुढच्याला चढवत. सहकाराचा एवढा सुरेख नमुना मी नंतरही पाहिला नाही. इन्स्पेक्टरनं त्या दिवशी खडू मागवून प्रत्येक टायरवर खूण केली आणि नऊ ट्रक परत पाठवले. पाचव्या ट्रकचा मालक, मोठ्या मिशांचा गडी, मामांना म्हणाला, “मामा, तुमचं काय जातंय ओ?” मामा म्हणाले, “माजं काय न्हाय जात. तुमी जाताल.” त्यानंतरच्या महिन्यापासून मैदानात इन्स्पेक्टरच्या टेबलाजवळ एक दुसरी खुर्ची दिसू लागली. मामा आधी ती उलटी करून बघत आणि मग बसत.

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे, पण एका दुपारी मी मामांच्या अंगावर धावून गेलो होतो. माझ्या बायकोचे दिवस भरले होते. सकाळपासून कळा येत होत्या, आणि दुपारी सुईणीनं बाहेर येऊन सांगितलं, “पोर आडवं हाय. सोलापूरला न्या. हितं माज्यानं हुनार न्हाय.” गल्लीत गाडी एकच. सिंधूला, म्हणजे माझ्या बायकोला, मागच्या बैठकीवर गादी घालून निजवलं, मामी तिच्या उशाला बसल्या, मी पुढं बसलो, आणि बघतो तर चाकावर मामा नाहीत. ते पोतं अंथरून गाडीखाली शिरले होते. मी म्हणालो, “मामा, चला.” खालून आवाज आला, “मुआयना हुंद्या.” सिंधू कण्हत होती. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा तेच. मग मी उतरलो, त्यांचा पाय धरला आणि आयुष्यात कुणा वडीलधाऱ्याला बोललो नव्हतो असं बोललो. म्हणालो, माझी बायको मेली तर तुमची वही तिच्या तोंडात घालणार आहात का? थोड्या वेळानं एक काळा हात बाहेर आला. तळहातावर तुटलेल्या पिनेचा अर्धा तुकडा होता. मामा शांतपणे म्हणाले, “ब्रेकच्या सळईची हाय. अर्धी गेली. ही पण तुळजापूरच्या घाटात गेली असती. मामीचा आकडा द्या.”

मामींनी अंबाड्यातला लोखंडी आकडा काढून दिला. मामांनी तो दुमडून सळईत घातला, पक्कडीनं पिळला, बाहेर आले, हात पुसले आणि गाडी सुरू केली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तुळजापूरच्या घाटात निम्म्या उतारावर वळणापलीकडे म्हशींचा कळप रस्ता भरून उभा होता. मामांनी ब्रेकवर पाय दाबला. गाडी कर्रर्र करत पहिल्या म्हशीच्या शेपटीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हशीनं मागं वळून पाहिलं. डाव्या हाताला कठडा नव्हता, नुसती खोली होती. मी मामींकडे पाहिलं. त्यांचा अंबाडा सुटून केस पाठीवर आले होते आणि त्या सिंधूच्या कपाळावर हात ठेवून डोळे मिटून बसल्या होत्या. त्या संध्याकाळी सोलापूरच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप. मी धावत बाहेर मामांना सांगायला गेलो तर ते गाडीखाली होते. “मामा, मुलगी झाली,” मी म्हणालो. “आकडा हाय जागेवर,” ते म्हणाले. मग बाहेर आले, माझं म्हणणं त्यांच्या ध्यानात आलं, आणि तसेच काळे हात पाठीमागं धरून आत बाळ बघायला गेले. त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा फक्त त्यांच्या पाठीमागे करू लागलो.

मुलगी चार वर्षांची झाली त्या साली आम्ही तिला घेऊन येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेलो. दर्शन झालं, डोंगर उतरलो, आणि ऊन कलायच्या आत परत निघालो. येडशीच्या अलीकडे रस्ता सरळ आहे. डाव्या कडेनं एक बाई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन चालली होती. मला ती लांबून दिसत होती. मला वाटलं मामांनाही दिसते आहे. गाडी तिच्या इतक्या जवळून गेली की भारा मडगार्डला घासला, बाई गरकन फिरली आणि कडब्यासकट रस्त्याच्या कडेला बसली. मामांनी गाडी थांबवली. आम्ही पळत गेलो. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण कडबा सगळा विखुरला होता आणि तोंड मोकळं होतं. “डोळं फुटलं का रं मुडद्या? एवढी धडधाकट बाई दिसंना तुला?” इथपासून तिनं सुरुवात केली आणि मामांच्या वाडवडिलांपर्यंत गेली. मी मधे बोलणार, तर मामांनी मला हातानं थांबवलं. ते तिच्यापुढं उभे राहून सगळं ऐकत होते. ती दमल्यावर म्हणाले, “व्हय बाई. फुटलं असतील. तपासून घेतो.” असं उत्तर तिला आजवर कुणी दिलं नसावं. मामांनी खाली बसून कडबा गोळा केला, भारा बांधला आणि तिच्या डोक्यावर चढवून दिला. पुढचा सगळा रस्ता त्यांनी बैलगाडीच्या चालीनं काढला. “डाव्या अंगाचं तुमी सांगा,” एवढंच ते मला म्हणाले. मी सांगत राहिलो: एक सायकल, एक गाय, काही नाही, काही नाही.

त्यानंतर गाडी पडवीतून हलली नाही. मी मामांना एसटीनं सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागची नस सुकत चालली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, गेलेली नजर परत येत नाही. मामांनी विचारलं, “कवापासून?” डॉक्टर म्हणाले, “दोन-तीन वर्षं तरी.” परतीच्या वाटेवर एसटी थांबली तेव्हा मामा चाक बघायला उतरले नाहीत. तुळजापूर सोडल्यावर एकदाच म्हणाले, “दोन वर्सं पोरीला मांडीपाशी बसवून फिरवलं म्या.”

शिबिराच्या दिवशी त्यांनी उस्तादांना बोलावून गाडी मैदानात नेऊन लावायला सांगितली. उस्ताद लावून दुकानावर परत गेले. मामा आणि मी टेबलापाशी गेलो. इन्स्पेक्टर आता तितका तरुण राहिला नव्हता, पँटही खाकी झाली होती. “काय मामा, आज ब्रेक की स्टिअरिंग?” त्यानं हसून विचारलं. “आज गाडी न्हाय,” मामा म्हणाले. “आज माजा मुआयना.” इन्स्पेक्टर म्हणाला, “तुमच्या लायसनला अजून मुदत आहे. नियमात नाही असं.” मामा म्हणाले, “नियमात घरची गाडी पण न्हवती.” मग मी त्याला बाजूला घेऊन येडशीचं आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तो ऐकून काही वेळ टेबलावरचे कागद सरळ करत राहिला. उठला, पंचवीस यार्ड मोजले आणि मामांचं तोंड त्यांच्याच काळ्या गाडीकडे करून म्हणाला, “त्या गाडीचा नंबर वाचा.” मामांनी खाडकन वाचला. “झालं,” इन्स्पेक्टर म्हणाला. “पास.” आठ वर्षांत त्या माणसानं न वाकता पास केलेली ही पहिलीच गोष्ट.

मामा जागचे हलले नाहीत. “साहेब, ती माजी गाडी हाय. झोपंत विचारलं तरी सांगंन. त्या ट्रकचा विचारा.” इन्स्पेक्टरनं घड्याळाकडे पाहिलं. “विचारा,” मामा म्हणाले. इन्स्पेक्टर हळूच म्हणाला, “वाचा.” मामांनी मान पुढं काढली, डोळे बारीक केले, मान एका बाजूला घेतली. “दोन,” ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. “मग नऊ.” ट्रकपाशी त्याचा मालक उभा होता, तोच मोठ्या मिशांचा गडी. तो तोंडावर हात धरून पुटपुटला, “सात, मामा. सात.” मामा म्हणाले, “मधी बोलू नका.” इन्स्पेक्टर त्यांचा दंड धरून त्यांना पुढं आणू लागला, “इथून बघा जरा, ऊन आडवं येतंय.” मामांनी विचारलं, “कायद्यात किती हाय?” “पंचवीस यार्ड.” “मग मागं चला.” आणि ते मागं जाऊन उभे राहिले. नंबरात दोनही नव्हता आणि नऊही नव्हता. रांगेतल्या ट्रकवाल्यांनी विड्या खाली टाकल्या होत्या. यातल्या निम्म्या लोकांनी मामांना शिव्या घातलेल्या मी ऐकल्या होत्या.

मामांनी वही टेबलावर ठेवली. इन्स्पेक्टर म्हणाला, “मामा, मी नाही लिहीत. तुम्ही चालवू नका, संपलं.” मामा म्हणाले, “आठ वर्सं दर म्हैन्याला लिव्हता, आज हात का जड झाला? लिव्हा. कागदावर नसलं तर म्या उंद्या पुन्ना बसंन गाडीत. मला म्हाईत हाय माजं.” तेव्हा इन्स्पेक्टरनं पेन उघडलं. लिहिलं: ‘गाडी उत्तम. चालकाची नजर अधू. चालवू नये.’ खाली दस्तखत. मामांनी वही माझ्याकडे दिली. मी वाचून दाखवलं. कचेरीत रोज शेकडो ओळी मी आवाज न चढवता-उतरवता वाचत असे. ही एक ओळ मला दोनदा वाचावी लागली. मामा म्हणाले, “उत्तम लिव्हलंय व्हय? लई झालं. बरी हाय, तेवढंच.”

गाडी घरी न्यायला कुणी नव्हतं. मला चालवता येत नव्हती. इन्स्पेक्टरनं टेबलावरचे कागद बांधले, रांगेला थांबायला सांगितलं आणि स्वतः चाकावर बसला. रांगेतल्या एकानंही कुरकुर केली नाही. मी मागं बसलो. मामा पुढं डावीकडे बसले, त्या गाडीत पहिल्यांदाच. सुरुवातीला समोरून काही आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई. मग तो थांबला. गावाकडे वळल्यावर ते म्हणाले, “ह्या अंगाला हिरवं हिरवं काय हाय ओ?”

“कडुलिंबाची झाडं आहेत मामा,” इन्स्पेक्टर म्हणाला. “रांगच आहे दोन्हीकडे.”

“जुनी हायत?”

“जुनी असावीत. खोडं चांगली कवेत न येणारी आहेत.”

“रोज ह्याच वाटनं जात हुतो,” मामा म्हणाले. “चालवताना बाजूला बगायचं नसतं ना.” थोडं थांबून म्हणाले, “जरा सावकाश घ्या साहेब.”

इन्स्पेक्टरनं गाडी सावकाश घेतली. मामांनी चाचपडत काच खाली केली आणि तोंड बाहेर काढलं. लिंबांना मोहर आला होता, त्याचा कडूगोड वास आत येत होता. गाडी कुठं वाजते आहे, कुठं लचकते आहे, याबद्दल ते काही बोलले नाहीत. घर येईपर्यंत ते वाऱ्यावर तोंड धरून तसेच बसून राहिले, आणि घर आलं तेव्हा इन्स्पेक्टरनं दारापुढून गाडी तशीच पुढं नेऊन, कुणी न सांगता, लिंबांच्या रस्त्यावरून आणखी एक फेरी मारून आणली.